अळणी: कोंबडीचा रस्सा, आजारी पोट आणि दोन हजार वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, ऑफिसच्या कॅबमध्ये असाल, भांडी घासत असाल, सगळं चालेल. फक्त हा एपिसोड उपाशीपोटी ऐकू नका. आज विषय आहे कोंबडीचा रस्सा. तांबडा नाही, पांढरा नाही, झणझणीत तर अजिबात नाही. आज आपण बोलणार आहोत अळणीबद्दल.

कोल्हापूर, सातारा, सांगली, कराडकडच्या लोकांना हा शब्द सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. पातेल्यात कोंबडीचे तुकडे, हळद, मीठ, थोडं आलं-लसूण, एखादा कांदा, आणि भरपूर पाणी. वर झाकण, झाकणात परत पाणी. ते पाणी गरम झालं की तेच आत ओतायचं. कोंबडी शिजली की कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला पडायच्या आधी वाटीभर रस्सा बाजूला काढतात. तो अळणी. तसा अळणीचा अर्थ बिनमिठाचा, पण आमच्या अळणीत मीठ असतं. नसतं ते तिखट. ही वाटी लहान पोरांची, बाळंतिणीची आणि आजाऱ्याची.

गेल्या पावसाळ्यात ती वाटी माझी होती.

तर झालं असं. ऑफिसमध्ये रिलीज होतं. रात्री अकराला बाहेर पडलो आणि कुठंतरी काहीतरी खाल्लं. कुठं ते सांगत नाही, कारण दोष खाण्याचा होता, पाण्याचा होता की माझ्या न धुतलेल्या हातांचा, मला आजही माहीत नाही. पुढचे चार दिवस मी सलाईनवर. रूमवर परत आलो तेव्हा चार किलोनं हलका झालो होतो आणि जिना चढताना मध्ये बसावं लागत होतं.

रूममेट म्हणाला, "भाई, गट हेल्थ सिरियसली घे." त्यानं एक रील दाखवली. हाडांच्या सूपची पावडर, रोज एक चमचा, आतडं आतून दुरुस्त. किंमत दोन हजारांच्या वर. मी ऑर्डर केली. हो, केली! आजारी माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

दुसऱ्या दिवशी गावाहून आई आणि आजी आल्या. मी म्हटलं, "आजी, मी आज काही खाणार नाही. पोटाला आराम देतो."

आजी जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या बाळूला बी असाच आराम दिलता."

बाळू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, बाळू दोन वर्षांचा. त्याला हगवण लागली. घरातली मोठी माणसं म्हणाली, पोटात काही गेलं की जुलाब वाढतात, म्हणून खाणं बंद. मग पाणीही बंद. तो पाण्यासाठी रडायचा, आणि आजीला ताकीद होती की तांब्या त्याच्यापासून लांब ठेवायचा. चौथ्या दिवशी तो गेला.

एवढं सांगून ती उठली आणि कोंबडी शिजवायला गेली.

मी अळणी प्यायलो. पहिल्या दिवशी नुसता रस्सा, अर्धी वाटी. संध्याकाळी त्यात मऊ भात कुस्करून. दुसऱ्या दिवशी तोच भात आणि हातानं बारीक केलेले कोंबडीचे तुकडे. चौथ्या दिवशी भाकरी. आठवड्यानं मी माणसात आलो. पावडरचा डबा तोपर्यंत आला होता, पण तो उघडलाच नाही. डोक्यात मात्र एक प्रश्न बसला: हे अळणीनं झालं, आजीच्या मायेनं झालं, की आपोआपच झालं असतं? मी इंजिनिअर माणूस. लॉग बघितल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून वाचायला बसलो, आणि गाडी थेट चरकापर्यंत गेली.

चरकाचा जिना

चरकसंहिता सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यात एक भाग असा आहे: रोग्याला औषध देऊन वमन किंवा विरेचन केलं, म्हणजे पोट पूर्ण रिकामं केलं, तर पुढे खायला काय द्यायचं? याला नाव आहे संसर्जन क्रम. आधी पेया, म्हणजे तांदळाची अगदी पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे दाट पेज. मग कडधान्याचं कढण, आधी साधं, नंतर फोडणी-मसाल्याचं. आणि शेवटी मांसरस, म्हणजे मांसाचं पाणी. पूर्ण क्रम बारा जेवणांचा, सात दिवसांचा.

मला खरा धक्का दहाव्या जेवणाला बसला. तिथं सांगितलंय की लावा, कपिंजल अशा पक्ष्यांचा रस द्या, तो पाणी आणि मीठ घालून केलेला असावा, फार दाट नसावा, आणि वर गरम पाणी प्यायला द्या.

मीठ, पाणी, पक्षी, पातळ. अहो, ही तर अळणी! पक्षी रानातला आहे, कोंबडी नाही, एवढाच फरक. आणखी गंमत म्हणजे या ग्रंथांत मसाला नसलेल्या रसाला अकृत म्हणतात आणि मसाला-स्नेह घातलेल्याला कृत. आधी अकृत, मग कृत. आमच्या घरी आधी अळणी, मग तांबडा.

कारण काय दिलंय? चरक विस्तवाची उपमा देतो. बारीक ठिणगीवर एकदम ओंडका टाकला तर ती विझते. आधी गवत, मग शेणी, असं करत करत ती मोठी आग होते. पोटातला अग्नीही तसाच. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर क्रॅश होऊन परत उभा राहिला की सगळा ट्रॅफिक एकदम सोडत नाहीत, टप्प्याटप्प्यानं सोडतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. हा क्रम शोधनानंतरचा आहे, जुलाबाच्या प्रत्येक रोग्यासाठी लिहिलेला नाही. आणि यात मांसाचा रस पहिल्या पायरीवर नाही, शेवटच्या पायऱ्यांवर आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कैरो आणि पॅरिस

आता बाराव्या शतकात या. स्पेनमधल्या कोर्दोबात जन्मलेला एक ज्यू विद्वान, मायमोनिडीस, पुढे इजिप्तमध्ये सुलतान सलाउद्दिनच्या दरबाराशी जोडलेला वैद्य झाला. आजारानं खंगलेल्या माणसांना त्यानं कोंबडीच्या सूपाची शिफारस केली, दम्यावरच्या त्याच्या ग्रंथातही त्याचा उल्लेख येतो. ज्यू घरांत आजही आजाऱ्यासमोर पहिलं काय येतं? कोंबडीचं सूप. मायमोनिडीसनं चरक वाचून हे लिहिलं असं मी म्हणत नाही. त्याची परंपरा ग्रीक आणि अरबी वैद्यकाची. पण आजारी माणसाला काय पचतं, हे बघायला दोन्हीकडे डोळे होतेच की.

तिथून पॅरिस. तुम्ही ज्याला रेस्टॉरंट म्हणता ना, तो शब्द आधी जागेसाठी नव्हता, सूपसाठी होता. रेस्तोराँ म्हणजे ताकद परत आणणारा मांसाचा दाट अर्क. १७६० च्या दशकात पॅरिसमध्ये नाजूक तब्येतीच्या लोकांना अशी सूपं विकणारी ठिकाणं निघाली आणि हळूहळू सूपचं नाव दुकानाला पडलं. म्हणजे शुक्रवारी रात्री आपण ज्यासाठी वेटिंगमध्ये उभे राहतो, त्याचा पूर्वज आजाऱ्याच्या वाटीत आहे.

कुकर, हाडं आणि कुत्रे

इथून गोष्ट वाकडी होते. दनी पापँ हा फ्रेंच शास्त्रज्ञ. १६७९ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक बंद भांडं दाखवलं. वाफ आत कोंडायची, दाब वाढला की सोडायला झडप. ओळखलंत? आपल्या कुकरचा पणजोबा! त्यात हाडं इतकी मऊ व्हायची की त्यांचं जेली होई. १६८२ मध्ये सोसायटीच्या मंडळींना अशा रांधलेल्या पदार्थांचं जेवण मिळालं. जॉन एव्हलिननं रोजनिशीत त्याचं कौतुकानं वर्णन केलंय.

मग कुणालाही सुचेल ते फ्रान्समध्ये सुचलं. हाडं स्वस्त, त्यातून जिलेटिन निघतं, जिलेटिन म्हणजे मांसाचं सत्त्व, मग गरिबांना महागडं मांस कशाला? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञानं हाडांतून जिलेटिन काढायच्या पद्धती बसवल्या आणि त्याचं सूप पॅरिसच्या इस्पितळांमध्ये रोग्यांना जाऊ लागलं. हेतू वाईट नव्हता. पण रोगी तक्रार करत होते आणि डॉक्टरांनाही शंका होती.

शेवटी विज्ञान अकादमीनं समिती नेमली. तिचा प्रमुख फ्रांस्वा माझांदी. कुत्र्यांना नुसतं जिलेटिन घालून बघितलं. कुत्रे काही दिवसांत ते तोंडात घेईनात, खंगत गेले. १८४१ च्या अहवालात निष्कर्ष स्पष्ट होता: नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. कारण बऱ्याच नंतर कळलं. शरीराला लागणारी काही अमिनो आम्लं बाहेरूनच खावी लागतात. त्यातलं ट्रिप्टोफॅन जिलेटिनमध्ये नसतंच. आणि ट्रिप्टोफॅनचा शोधच लागला १९०१ मध्ये.

तरी माणसाचा मोह सुटला नाही. जर्मनीचा मोठा रसायनतज्ज्ञ लीबिग मांसाच्या अर्काचा पुरस्कर्ता होता. १८६५ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली आणि उरुग्वेतल्या फ्राय बेंटोसला गुरांच्या मांसाचा घट्ट अर्क बरण्यांत भरला जाऊ लागला. आजाऱ्यांना ताकद येते म्हणून तो खपला. पण अर्कात पोषण फारसं नाही हे दाखवून दिलं गेलं. मग तोच माल चवीसाठी खपू लागला.

आता माझा पावडरचा डबा आठवा. १८४१ चा प्रश्न नव्या लेबलखाली, दुसरं काही नाही. कोलॅजेन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, अमिनो आम्लं आणि छोटी पेप्टाइड्स. ती रक्तात जातात, शरीर त्यांचं हवं ते करतं. कोलॅजेनला पत्ता माहीत नसतो की आपण आतड्याच्या भिंतीला जाऊन चिकटायचंय. कोंबडीच्या सूपवरचे जे गाजलेले प्रयोग रीलवाले दाखवतात ना, १९७८ चा नाक मोकळं होण्याचा आणि २००० चा पांढऱ्या पेशींचा, ते दोन्ही सर्दीशी संबंधित आहेत. पोटाशी नाही.

मग अळणी करते काय?

त्यासाठी आधी एका माणसाला भेटू. १८२२, अमेरिकेतलं मॅकिनॅक बेट. अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराला चुकून जवळून गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक कायमचं राहिलं. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरनं त्या भोकातून पुढे कित्येक वर्षं प्रयोग केले. रेशमी दोऱ्याला अन्नाचा तुकडा बांधून आत सोडायचा आणि किती वेळात विरघळतो ते बघायचं. गरीब मजुराला असं वापरणं आज कुणी मान्य करणार नाही. पण १८३३ च्या त्याच्या पुस्तकात जे तक्ते आहेत, ते वाचताना मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. उकडलेला भात एक तास. कोंबडीचं सूप तीन तास. उकडलेली कोंबडी चार तास. म्हणजे आधी पेज, मग रस, मग तुकडे! आणि तापात जाठररस फारसा सुटत नाही हेही त्यानं नोंदवलं. आजारी पोटाला कमी आणि हलकं का द्यायचं, ते इथं डोळ्यांनी दिसलं.

पण हलकं देणं वेगळं आणि काहीच न देणं वेगळं. बाळूची गोष्ट इथं येते.

आतड्याच्या आतल्या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत नव्या होतात. त्या पेशींना पोषण रक्तातून मिळतं, तसंच समोरून जाणाऱ्या अन्नातूनही मिळतं. उपाशी ठेवलं तर दुरुस्ती मंदावते. आणि पाणी? १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्यात साखर आणि मिठातलं सोडियम जोडीनं आत घेतलं जातं. त्यांच्यामागून पाणी जातं. कॉलऱ्यातही हा दरवाजा उघडा असतो. जुलाब चालू असतानाही पाजलेलं पाणी शरीरात जातं, फक्त सोबत मीठ आणि साखर हवी.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवला, पिंपं भरली आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. म्हणाले, पाजत राहा. मृत्युदर साधारण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आला. आजचं ओआरएस त्याच तत्त्वावर चालतं.

आता कोंबडी. लहान मुलांचे जुलाब दोन आठवड्यांच्या पुढे गेले, तर आतडं इतकं दुखावलेलं असू शकतं की दुधातली साखर नीट पचत नाही. अशा मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत एक बिनदुधाचा आहार आहे: भात, तेल, ग्लुकोज आणि अंडं. अंड्याच्या जागी काय चालेल म्हणून लिहिलंय? शिजवून अगदी बारीक केलेली कोंबडी. मी ती ओळ वाचली आणि आजीचे हात आठवले, भातात तुकडे कुस्करणारे.

म्हणून माझं उत्तर असं. अळणी हे औषध नाही. तिची ताकद साध्या गोष्टींत आहे. त्यात पाणी आणि मीठ आहे. तिखट आणि जास्तीची चरबी नाही. दुधातली साखर नाही. आणि रश्श्यासोबत कोंबडीचे तुकडे येतात, ज्यांत पूर्ण प्रथिनं असतात, नव्या पेशींना लागणारी. नुसता रस्सा पीत राहिलात तर तुम्ही पॅरिसच्या इस्पितळात बसलात! तुकडे खा, भात खा. रस्सा ही एक पायरी आहे, तिच्यावर मुक्काम करायचा नसतो.

आणि पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं काय? त्यांना चोथा लागतो, आणि कोंबडीत चोथा शून्य. त्यांची सोय भाकरी, उसळ, भाजी आणि कांदा-लसूण करतात. म्हणून चौथ्या दिवशीची भाकरीही तितकीच महत्त्वाची.

दोन सूचना, कारण मी डॉक्टर नाही. एक, अळणी ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. जुलाब चालू असताना ओआरएसच, आणि रक्त पडत असेल, लघवी कमी झाली असेल, मूल सुस्त पडलं असेल तर सरळ दवाखाना. दोन, अर्धवट शिजलेली कोंबडी स्वतःच पोट बिघडवते. नळाखाली धडाधडा धुऊन शिंतोडे उडवू नका, कच्च्या कोंबडीची सुरी-पाट वेगळा ठेवा, आणि हाडाजवळचा गुलाबीपणा जाईपर्यंत नीट शिजवा.

परवा गावी गेलो तेव्हा हे सगळं आजीला सांगितलं. चरक सांगितला, तिनं मान हलवली. कुत्र्यांची गोष्ट ऐकून हसली. मग बनगावचं सांगितलं. पिंपातलं पाणी, मीठ, साखर, पेले.

तिनं विचारलं, "म्हंजी नुसतं पाणी, मीठ आन् साकर?"

"हो आजी."

"घरात हुतं की रं सगळं."

मी म्हटलं, "तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं आजी. डॉक्टरांनासुद्धा नीट माहीत नव्हतं." ते खरंच आहे. बाळू गेला तेव्हा क्रेन यांचा शोधही लागायचा होता. तरी ती बराच वेळ चुलीकडे बघत बसली. मग म्हणाली, "सांग लोकान्ला. त्या तुझ्या फोनात बोलतोस ना, त्यात सांग."

म्हणून हा एपिसोड. आजीनं सांगितलेलं सांगितलं. घरात लहान मूल असेल तर ओआरएसची चार पाकिटं आजच आणून ठेवा. आणि तुमच्याकडे या रश्श्याला काय म्हणतात, आजाऱ्याला पहिली वाटी कशाची देतात, ते व्हॉइस नोट करून मला पाठवा. कोकणातली पेज असेल, खानदेशातलं काही असेल, सगळं हवंय. पुढच्या एपिसोडला आजीलाही ऐकवतो.

चला, भेटू. काळजी घ्या, हात धुवा!